जिथे यंत्र वाजलं नाही

इतोमान, ओकिनावा
१२ फेब्रुवारी १९७७

उतो आत्या,

तुला मी पाहिलेलं आठवत नाही. तू बोलिव्हियाच्या जहाजात बसलीस तेव्हा मी दोन वर्षांचा होतो. आमच्याकडे तुझा एकच फोटो आहे. त्यात तू काखेत कोंबडी धरून उभी आहेस आणि दोघींच्या चेहऱ्यावर एकच भाव आहे : काय बघतोस? म्हणून जरा घाबरतच लिहितो आहे.

खरं तर हे पत्र बाबांनी लिहायचं. पण त्यांचं पत्र म्हणजे चार ओळी, त्यातल्या तीन हवामानाच्या. माझ्याशी तर ते तेवढंही बोलत नाहीत. मी ओसाकाचं कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून आलो. खाणावळीचा मालक रोज विचारायचा, "तुमच्या बेटावर चपला घालतात का रे?" चौतीस दिवस ऐकून घेतलं. पस्तिसाव्या दिवशी त्याच्याच सूपचा वाडगा त्याच्या डोक्यावर पालथा घातला. भाजलं वगैरे नाही, त्याच्याकडचं सूप कधी गरम नसायचंच. बाबा म्हणतात, एका वाडग्यापायी शिक्षण सोडणारा मूर्ख. मी म्हणतो, ते शिक्षण त्या वाडग्याच्याच लायकीचं होतं.

मुद्द्यावर येतो. यंदा जूनमध्ये कामादो आजीचं आणि सेईजुनकाकाचं तेहतिसावं श्राद्ध. तुला माहीतच आहे, हे शेवटचं. यानंतर ते देवांत गेले, मग आपण त्यांना नावाने हाक मारायची नाही. पण कबरीत त्यांच्या अस्थींची दोन्ही मडकी रिकामी आहेत. बाबा परवा माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "आई कुठे गेली ते उतोलाच ठाऊक. मी तेव्हा हवाईला अमेरिकनांच्या तुरुंगछावणीत. तिला विचार." ते मला म्हणाले की भिंतीला, कळलं नाही. भिंतीला लिहिता येत नाही म्हणून मी लिहितो आहे.

कुठल्या गुहेत, ते सांग. आणि आजीच्या अंगावर धातूचं काय होतं, तेही. कारण माझ्या हाताशी सध्या यंत्र आहे.

जपानच्या मुख्य बेटावरून हिराओका नावाचे एक गृहस्थ इथे खोली घेऊन राहिलेत. खाकी टोपी, गळ्यात हेडफोन, हातात ताटली लावलेली काठी. ती काठी जमिनीवरून फिरवली की धातूपाशी किंचाळते. गुहांमधून पंचेचाळीस सालच्या युद्धातल्या वस्तू गोळा करून त्यांना 'स्मृतिसंग्रह' काढायचा आहे. युद्धात स्वतः ते कुठे होते म्हणशील, तर सैन्याच्या कोठारात मोज्यांच्या जोड्या मोजत होते. आपल्या जमिनीत तर मातीपेक्षा लोखंड जास्त, त्यामुळे ती काठी सासुरवाशिणीला टोकणाऱ्या सासूसारखी अखंड बोलत असते. कवटी दिसली की हिराओका दोन्ही हात जोडून वाकतात. मग तिच्यावरून ढांग टाकून पलीकडचं बटण उचलतात. हाडं तिथेच. "हाडं सरकारचा विषय," म्हणतात. असा माणूस मी ओसाकातही पाहिला नाही.

तरी मी त्यांचं सामान वाहतो, कारण त्यांच्या वस्तूंच्या चिठ्ठ्या तामाए लिहिते. तिचं अक्षर असं आहे की गंजक्या खिळ्याखाली तिची चिठ्ठी ठेवली तर खिळ्याची लायकी वाढते. तिला मी तीन पत्रं लिहिली. तिसऱ्यातल्या शुद्धलेखनाच्या चुका तिने दुरुस्त करून परत पाठवल्या. याचा अर्थ ती वाचते.

तुझा भाचा,
शोएई

◆

ओकिनावा वसाहत, बोलिव्हिया
६ मार्च १९७७

शोएई,

तुझं पत्र मिळालं. मला वाटलं होतं, सेईहानच्या पोटी निदान गप्प बसणारं तरी काही निघेल.

फोटोतली कोंबडी त्याच संध्याकाळी आम्ही खाल्ली. तिला ते कळलं असावं, म्हणून तसा चेहरा. मला मात्र कुणी खाणार नव्हतं. माझा चेहरा तसाच आहे.

आधी त्या मोजे मोजणाऱ्याबद्दल. तो हाडांवरून ढांग टाकतो आणि तू त्याच्यामागून त्याची पिशवी घेऊन ढांग टाकतोस. मग तुझा तो तिरस्कार कुणासाठी? स्वतःसाठी थोडा शिल्लक ठेव. पोरीचं अक्षर चांगलं असेल. माझ्या ओळखीत एक हवालदार होता, त्याचंही होतं.

गुहेचं नाव : तीन तोंडांची. उसाच्या शेतांमागे, कड्याच्या बाजूला. दोन तोंडं बंद झाली, तिसरं असेल अजून. सेईहानला मी एवढंच सांगितलं होतं की आई तोफगोळ्याने गेली आणि जागा आठवत नाही. ते त्याला पुरलं. बत्तीस वर्षं पुरलं.

आता नीट ऐक. यंत्र तिथे नेऊ नकोस. तिथून काही उचलू नकोस. सगळं गाव करतं तसं कर : तोंडापाशी एक पांढरा दगड बघ, "आई, चल घरी" म्हण, आणि दगड मडक्यात ठेव. अर्ध्या बेटाची आजी दगडच आहे, कुणाचं अडलं नाही.

आणि हा यंत्राचा खुळा नाद डोक्यातून काढून टाक. आई गेली तेव्हा तिच्या अंगावर लोखंडाची टाचणीसुद्धा नव्हती. धातूचं काहीच नव्हतं. तुझी ताटली तिथे मुकी राहील.

इथे यंदा कापूस बुडाला, कोंबड्या बऱ्या आहेत.

उतो

◆

इतोमान
२ एप्रिल १९७७

उतो आत्या,

तू रागावणार, पण मी गेलो. दगड काय, अंगणातलाही चालला असता. माझी आजी मासे विकायला डोक्यावर टोपली घेऊन नाहा शहरापर्यंत चालत जायची, असं बाबा सांगायचे (बोलत होते तेव्हा). त्या बाईच्या मडक्यात मी रस्त्यावरचा दगड टाकू?

तुझं पत्र यायच्या आठवडाभर आधीपासून हिराओका त्याच गुहेच्या मागे लागले होते. मी नुसता वाटाड्या. तोंड अगदी लहान, पोटावर सरकत जावं लागतं. हिराओका मध्येच अडकले. मी पाय धरून मागे ओढले तेव्हा एक बूट माझ्या हातात आला. पुढे उभं राहता येतं. एका बाजूला छतातून पाणी ठिबकतं. तिथल्या कपारीपाशी मी काठी फिरवली, ती चकार शब्द बोलली नाही. मी कपारीवर पाय ठेवून बुटाची नाडी बांधली आणि पुढे गेलो.

यंत्र ओरडलं ते आत, उजवीकडे. एक सैनिक. शिरस्त्राण, कमरेचं बक्कल, पाच बटणं आणि एक फाउंटन पेन. पेनवर नाव कोरलेलं : मिकामी तोकुजी. हिराओकांना पेन सापडलं की ते नव्या बापासारखे नाचतात, कारण नाव असलेली वस्तू दुर्मीळ. मी म्हटलं, "नावही आहे, हाडंही आहेत, मग कळवून टाका ना सरकारी कार्यालयात." ते म्हणाले, "आधी प्रदर्शन होऊ दे." मला त्यांचा दुसरा बूटही काढून घ्यावासा वाटला.

पण खरी गंमत पुढे आहे. त्या सैनिकाच्या मानेपाशी, हाडांच्या मधोमध, एक जीफा निघाला. आपल्या बायका अंबाड्यात खोचायच्या तो लांब आकडा, टोकाला चमच्यासारखा. पितळेचा, वीतभर. सैनिकाकडे बाईचा आकडा कसा? हिराओकांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाले, "प्रेयसीची खूण. दोऱ्यात ओवून गळ्यात घातली असणार. दोरा कुजला, प्रेम उरलं." असल्या वाक्यावर मी एरवी थुंकलो असतो. पण खरं सांगतो आत्या, त्या अंधारात मलाही गलबलून आलं. गळ्यात कुणाची तरी वस्तू घालून मरणं मला समजतं.

क्षणभर आजीची आठवण झाली. पण तू स्पष्ट लिहिलं होतंस, तिच्या अंगावर धातूचं काहीच नव्हतं. म्हणजे तिचा नव्हे. म्हणून मनात काही किंतु न ठेवता मी तो परतताना हिराओकांच्या खोक्यातून काढला, खाऱ्या पाण्याने आणि राखेने घासला आणि तामाएला दिला. तिने विचारलं, "कुठला?" मी म्हटलं, "एका माणसाने मरेपर्यंत गळ्यात जपला होता." तिने केस वर बांधले आणि खोचला. तिची मान किती लांब आहे ते मला त्या दिवशी कळलं.

दगड आणलेला नाही. आजीच्या जागेची खूण सांग, मी पुन्हा जाईन.

शोएई

◆

ओकिनावा वसाहत
२४ एप्रिल १९७७

शोएई,

तुझं पत्र मी परसात उभ्याने वाचलं, मग खाली बसले. कोंबड्या अंगावरून गेल्या तरी उठले नाही.

प्रेयसीची खूण म्हणे.

अरे गाढवा, तो तुझ्या आजीचा जीफा आहे. टोकाच्या चमच्याला डावीकडे एक खळगी असेल. माझ्या मोठ्या आत्याने दात येताना चावून पाडली होती, कारण त्याआधी तो तुझ्या पणजीचा होता. जाऊन बघ. नसली तर मला खोटारडी म्हण.

मी तुला खोटं लिहिलं नाही. आई गेली तेव्हा तिच्या अंगावर धातूचं काही नव्हतं. होतं ते तिने आधीच एका ठिकाणी ठेवलं होतं, आणि ते ठिकाण तू पाहिलंस.

जूनचे दिवस होते. गुहेत आम्ही नऊ जण. आईच्या मांडीत दगडाची कपची घुसलेली, चालता येत नव्हतं. सेईजुन चार वर्षांचा. तापाने आणि तहानेने रडायचा. तो सैनिक वाट चुकून एकटाच आत आला होता. पोरगाच होता, तुझ्याएवढा. पहिल्या दिवशी त्याने आमच्याकडचं पाणी प्यायलं आणि आमचे आभार मानले. दुसऱ्या दिवशी वर अमेरिकनांच्या बुटांचे आवाज यायला लागले तसा तो बदलला. म्हणाला, "पोराला गप्प करा, नाहीतर मी करतो." आईने सेईजुनचं तोंड छातीत दाबलं. तो आणखी रडला. सैनिक आला आणि त्याने सेईजुनचा पाय धरून ओढला. आईने एका हाताने पोर धरलं. दुसरा हात डोक्याकडे गेला. मला वाटलं, केस सावरते आहे.

तिचे केस सुटून खाली आले आणि तो सैनिक बसला. मग आडवा झाला. मानेत होता. आवाज काही झाला नाही.

हे असं. हा तुमचा गळ्यातला हार.

बाकीची माणसं घाबरून तिसऱ्या तोंडातून निघून गेली. आईने मला ढकललं. म्हणाली, "तू पळू शकतेस. कुणालातरी घेऊन ये." मी पळाले आणि पकडले गेले. अमेरिकनांचा दुभाषा आपल्याच भाषेत विचारत होता, "आत कुणी आहे का?" मी मान हलवली : नाही. मला वाटलं, आत गेले तर त्यांना तो मेलेला दिसेल, मानेतला जीफा दिसेल, आणि आईला फाशी देतील. पंधरा वर्षांच्या पोरीचं शहाणपण. दोन दिवस गप्प राहिले. तिसऱ्या दिवशी सांगायला गेले तेव्हा त्यांनी गुहेची दोन तोंडं सुरुंगाने उडवली होती.

म्हणून मी बोलिव्हियात आहे, शोएई. कापसासाठी कुणी एवढ्या लांब येत नाही.

आई बसली होती ती जागा : पाणी ठिबकतं तिथली कपार. सेईजुनला ओठ ओले करता यावेत म्हणून आम्ही तिला तिथे टेकवलं होतं. तू नाडी बांधलीस तीच जागा असणार, कारण दुसरी कपार नाही. तुझं यंत्र तिथे बोललं नाही म्हणून तू पुढे गेलास. जिथे वाजलं तिथल्या हाडांना आजी समजून मडक्यात घातलं असतंस तर? हेच भय होतं. म्हणूनच यंत्र नेऊ नकोस म्हटलं. पण तुम्हा लोकांना किंचाळणारंच ऐकू येतं.

जीफा परत आण. बाईचा जीफा म्हणजे ती बाई, हे तुला कुणी शिकवलं नाही का? तू आपली आजी एका पोरीच्या डोक्यात खोचून आलास.

हे पत्र सेईहानला वाचून दाखव. उजव्या कानाशी बस, डावा गेलेला आहे.

उतो

◆

इतोमान
२३ मे १९७७

उतो आत्या,

कसं लिहू ते कळत नाही, म्हणून झालं तसं लिहितो.

पत्र वाचलं आणि धावत तामाएकडे गेलो. तिच्या डोक्यात जीफा नव्हता. म्हणाली, "माझ्या आजीने पहिल्याच दिवशी काढायला लावला. म्हणाली, अनोळखी बाईला डोक्यावर घेऊन फिरतेस? ती उतरायची नाही. मी हिराओकांच्या पेटीत परत ठेवला. तुला सांगणार होते, पण तू चौथं पत्र देऊन पळून गेलास."

हिराओकांची काचपेटी बघितली. मखमलीवर जीफा, शेजारी पेन, आणि खाली तामाएच्या अक्षरात : 'अनाम प्रेयसीची शेवटची भेट.' चमच्यावर डावीकडे खळगी आहे, आत्या. अंगठ्याचं नख बरोबर बसतं तिच्यात.

मी परत मागितला. हिराओका हसले. "बेटा, संग्रहातली वस्तू कुणा एकाची नसते. ती राष्ट्राची असते."

"ती माझी आजी आहे."

"तशा सगळ्यांच्याच आज्या असतात."

माझा हात उठला होता. तामाएने माझी बाही धरली आणि म्हणाली, "मारू नकोस. वाच."

मग मी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. सुरुवातीला ते मान डोलवत होते, पाणी प्यायलं, आभार मानले इथपर्यंत. "दुसरा हात डोक्याकडे गेला" म्हटलं तशी मान थांबली. "मानेत होता" वाचलं तेव्हा ते काचपेटीपासून मागे सरकले, जणू आतली वस्तू चावेल.

"हे पत्र आणखी कुणी वाचलंय?"

"अजून नाही."

त्यांनी किल्ली काढली, जीफा दोन बोटांनी उचलला आणि कालच्या वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिला. म्हणाले, "हे प्रदर्शनात शोभणार नाही. माजी सैनिक यायचे आहेत." पाच मिनिटांपूर्वी राष्ट्राची होती ती वस्तू. प्रेमाची खूण म्हणून रडले होते तिच्यावर. मला राग आला नाही, आत्या. पहिल्यांदाच नाही आला. एवढ्या लहान माणसावर राग काढायचा तर वाकावं लागलं असतं. पेन मात्र त्यांनी दिलं नाही. ते म्हणे 'निष्कलंक' आहे.

घरी येऊन बाबांच्या उजव्या कानाशी बसलो. सगळं वाचलं. ते जाळं विणत होते, विणत राहिले. संपल्यावर म्हणाले, "उतो दोन दिवस गप्प राहिली. मी तर एकदाही विचारलं नाही." मग जाळं बाजूला ठेवून, "उद्या किती वाजता निघायचं?"

तिघंच गेलो : बाबा, मी आणि तामाए. यंत्र नव्हतं. खुरपी, केरसुणी, आणि आईची पीठ चाळायची चाळण. कपारीवर चुन्यासारखा थर चढला होता, त्यामुळे मला ती नुसता दगड वाटली होती. बाबांनी तो पापुद्रा काढावा तसा काढला. पाणी ठिबकत होतं. दुपारी तामाएच्या चाळणीत एक दात आला. तांदळाच्या दाण्याएवढा. दुधाचा. तिने तो तळहातावर घेतला आणि हात तसाच पुढे धरून उभी राहिली. मग जबडा. मग त्याच्याखाली मोठ्या माणसाच्या दंडाचं हाड. लहानगा अजून तिच्या हातावरच होता.

माझा बूट त्यांच्यापासून चार बोटांवर टेकला होता.

बाबा म्हणाले, "आई, चल घरी." तुझ्या पत्रातले शब्द, दगडाला म्हणायला सांगितलेले.

येताना तामाएला म्हटलं, मला माफ कर. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाची वस्तू देतोस, वर खोटी गोष्ट सांगतोस. पुढच्या वेळी काही द्यायचं असेल तर दुकानातून विकत आण." पुढच्या वेळी म्हणाली.

तो सैनिक अजून आतच पडून आहे. त्याचं काय करू? माझं विचारशील तर पडू दे.

शोएई

◆

ओकिनावा वसाहत
१० जून १९७७

शोएई,

दुधाचा दात. ते दात येत होते तेव्हा आईचं बोट चावायचा.

मला जास्त लिहिता येणार नाही. हाडं तुझ्या आईला धुवायला सांग, आपल्या दारूने, बाटलीत तांदूळ पोहत नाहीत त्या चांगल्या दारूने. पुरुषांनी हात लावू नये. लेकीने धुवायची असतात, पण लेक कोंबड्या सांभाळते आहे. सेईजुनला वेगळं मडकं नको. इतकी वर्षं हातावर होता, आता काय वेगळा करता. जीफा उशाशी.

सैनिकाबद्दल. आपल्या कबरीत तो यायचा नाही, विचारूही नकोस. तो सरकारने आणला होता, सरकारने न्यावा. उचलून कार्यालयात दे. पण पेनासकट दे. नाव काढून घेतलं तर तो नुसता हाडांचा ढीग. मोजे मोजणाऱ्याला वाटतं, नाव असलेली वस्तू दुर्मीळ. वस्तू नाही रे, नाव दुर्मीळ.

त्याला मी बत्तीस वर्षं शिव्या दिल्या आहेत. रोज, कोंबड्यांना दाणे टाकताना. पण त्यालाही कुणी आई असेल, आणि त्याचंही यंदा तेहतिसावं. त्याच्या घरी नाव कळव, गुहा कळव. कसा गेला ते कळवू नकोस.

पेन कसं काढायचं ते मला विचारू नकोस. अक्षर चांगलं असलेल्या पोरीला विचार. मला ती आता जरा बरी वाटायला लागली आहे.

उतो

◆

इतोमान
६ नोव्हेंबर १९७७

उतो आत्या,

तेहतिसाव्याचं सगळं जुलैमध्येच बाबांनी तुला कळवलं. सहा ओळींचं पत्र आणि हवामान फक्त एका ओळीत, म्हणजे त्यांनी जीव ओतला. तू त्यांना तेवढ्याच ओळींचं उत्तर पाठवलंस असं ते सांगतात, पण दाखवत नाहीत.

पेनाचं सांगतो. तामाए हिराओकांना म्हणाली, "प्रदर्शनाच्या चिठ्ठ्या मीच लिहिणार ना? मग त्या रिकाम्या जागेसाठी पण एक लिहिते : इथे एक जीफा होता. तो कुठे आणि कुणाच्या मानेत सापडला तेही लिहिते. माझं अक्षर लांबूनही वाचता येतं." हिराओकांनी पेन दिलं. आठवड्यात खोली सोडून ते दुसऱ्या कुठल्याशा बेटावर गेले. तिथेही हाडं असतीलच त्यांना ओलांडायला.

मिकामी तोकुजी आओमोरीचा. तिकडे बर्फ पडतो म्हणे. आई गेली, पण बहीण आहे. कार्यालयाने तिला पेन आणि हाडं दिली. मी तू सांगितलंस तेवढंच लिहिलं : गुहा, नाव, बस. परवा तिच्याकडून खोकं आलं. सफरचंदं. एकेक कागदात गुंडाळलेलं, मुठीत न मावणारं. सोबत पत्र : 'माझा भाऊ लहानपणापासून फार मायाळू होता. त्या गुहेत तुमच्या बायका-मुलांचं रक्षण करतानाच तो गेला असेल, असं मला मनापासून वाटतं.'

आत्या, मी ते खोकं उचलून अंगणात गेलो होतो. डुकरांना घालणार होतो. रक्षण म्हणे. लेखणी घेऊन बसलो आणि दोन पानं लिहिली, एकेक गोष्ट, पाय धरून ओढला इथपासून. पाकिटावर पत्ताही घातला. तामाए आली, तिने वाचलं. या वेळी एकही चूक दुरुस्त केली नाही. नुसतं म्हणाली, "उतो आत्याला विचार आधी."

म्हणून विचारतो. पत्र टाकू का? आणि ही सफरचंदं? बाबांनी खोकं देव्हाऱ्यात आजीपुढे ठेवलंय, पण उघडायला कुणी तयार नाही. घरभर वास सुटला आहे.

शोएई

◆

ओकिनावा वसाहत
२७ नोव्हेंबर १९७७

शोएई,

ते पत्र चुलीत घाल. तिला मायाळू भाऊ असू दे. मायाळू भाऊ म्हणजे काय ते मला माहीत आहे, मी माझा आत ठेवून आले.

खोकं उघडा. कुजलं तर कुणाचा सूड पुरा होणार आहे? सेईजुनने सफरचंद कधी पाहिलं नव्हतं. त्याला चित्रातलं दाखवलं तर म्हणाला होता, हे तिखट असतं का?

सालं काढा, बारीक फोडी करा, दुधाचेच दात त्याचे. पहिली त्याच्यापुढे ठेवा. मग सगळ्यांनी खा.

आणि गोड निघालं का, ते कळव.

उतो